टोटल किती, रेलेव्हंट किती

रिक्रूटर फोनवर दोन आकडे विचारते. टोटल एक्स्पीरियन्स किती आणि त्यातला रेलेव्हंट किती? पहिला आकडा आपण सांगायचा, दुसरा खरं तर तीच ठरवते. मोबाइल अ‍ॅप्स सोडून गाड्यांच्या स्क्रीनकडे वळायचं ठरवलं तेव्हा माझा दुसरा आकडा शून्यावर आला. करंट सीटीसी, म्हणजे आत्ताच्या पगाराचा आकडा, मात्र शून्य होत नाही. कुठल्याही कंपनीत जा, तो गोत्रासारखा सांगावाच लागतो आणि पुढची बोलणी त्याच्यावरच्या टक्क्यांतच होतात.

तसं पाहिलं तर अँड्रॉइडमध्ये जागेवर बसूनही सगळं बदलतच होतं. 2017 मध्ये गूगलने कॉटलिन या भाषेला अधिकृत मान्यता दिली आणि दोन वर्षांत जावा मागच्या बाकावर गेली. 2021 मध्ये स्क्रीन रचायच्या जेटपॅक कंपोझची पहिली पक्की आवृत्ती आली, तेव्हा एक्सएमएलचे घोटून पाठ केलेले लेआउट जुने वाटायला लागले. हे सगळं मी रात्री जागून शिकलो. अप्रेझलमध्ये त्याबद्दल ‘गुड इनिशिएटिव्ह’ असा शेरा मिळाला आणि इतरांइतकीच वाढ. तेच कॉटलिन घेऊन शेजारच्या इमारतीत गेलेल्या मित्राला त्याच्या कितीतरी पट. आमच्या धंद्यात शिकल्याचे पैसे शिकताना पाहणारा देत नाही, न पाहणारा देतो.

बाबांना हे पटत नाही. ते पिंपरीत टर्नर होते. कारखान्यात सीएनसी मशीन आलं तेव्हा चाळिशीत, त्याच टूलरूममध्ये, ते प्रोग्रॅम घालायला शिकले. पगारवाढ युनियनच्या कराराने व्हायची. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखीच. कॉलेजात असताना मला तो शुद्ध अन्याय वाटायचा. आता वाटतं, निदान त्यांना शिकलेलं वटवायला राजीनामा तरी लिहावा लागला नाही.

मी वळलो त्या कामाचं नाव अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह. फोन गाडीला जोडल्यावर दिसतं ते अँड्रॉइड ऑटो. हे वेगळं, हे गाडीच्याच डोक्यात बसतं. 2020 मध्ये पोलस्टार 2 या गाडीत ते पहिल्यांदा रस्त्यावर आलं. इथे अ‍ॅप लिहिण्यापेक्षा अ‍ॅपच्या खालची जमीन खणणं जास्त. सोर्स कोड उतरवून बिल्ड करायलाच चारेकशे जीबी जागा लागते. मग सी प्लस प्लस, मग गाडीच्या आतल्या जाळ्यावरून, कॅन बसवरून, धावणारे वेगाचे आणि दारांचे सिग्नल.

एक उदाहरण मला फार आवडतं. रिव्हर्स गिअर टाकल्यावर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दोन सेकंदांत दिसलंच पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. पण गाडी आत्ताच चालू केलेली. अँड्रॉइड अजून बूट होतंय. मागे कोणाचं लेकरू उभं असेल तर ते अँड्रॉइडसाठी थांबणार नाही. म्हणून कॅमेऱ्याचा भाग वरच्या थरांची वाट न बघता खालच्या खालीच आधी सुरू होतो. मोबाइलमध्ये आम्ही बिनधास्त म्हणायचो, ‘पुढच्या रिलीजमध्ये बघू.’ इथे तसं म्हणायची सोय नाही.

वाढ चांगली मिळाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मुलाखतीच्या दिवशी मला यातलं जवळजवळ काहीच येत नव्हतं. पैसे मिळाले ते पुण्यात गाड्यांच्या कंपन्या भरपूर आणि या कामाची माणसं थोडी म्हणून. हा भाव ज्ञानाचा नाही, टंचाईचा आहे. माणसं वाढली की उतरेल. गंमत अशी, की रोज उपयोगी पडतं ते जुनंच. मेन थ्रेड पाच सेकंद अडकवला तर अ‍ॅप ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होतं, ही मोबाइलमध्ये अंगवळणी पडलेली भीती इथे सोन्यासारखी वापरतोय. रिक्रूटरने शून्य धरलेली वर्षंच घर चालवतायत.

मागच्या कंपनीतल्या ज्युनियरचा परवा फोन आला. “दादा, मीपण ऑटोमोटिव्हला यायचं म्हणतोय. किती देतात?” आकडा सांगितला आणि म्हटलं, आधी सी प्लस प्लस शिकून घे.

“करतो की. आज नोटीस टाकली, नव्वद दिवस आहेत.”