ए समरी

मामूंनी कुवेतहून मुलांसाठी जासूसीचा पत्त्यांचा खेळ आणला. म्हसळ्यात पावसात वीज गेली की आम्ही सगळे मेणबत्तीभोवती बसतो. तीन रात्री झाल्या, हार चोरणारा सापडेना. धाकटी कंटाळून म्हणाली, "अब्बा, माळ्याचं नाव लिहून टाकू, म्हणजे खेळ संपेल."

आम्ही गप्प झालो. वर्गातले सहलीचे पैसे हरवले तेव्हा आम्हीही असेच एका अबोल मुलाचे नाव घेतले होते. पैसे आमच्याच हजेरीपटात निघाले. एकांतात माफी मागितली. पण तो अजून नजरेला नजर देत नाही.

मुलांना सांगितले, महाराष्ट्रात गुन्हा खरा असूनही गुन्हेगार सापडला नाही, तर पोलीस न्यायालयात 'ए समरी' अहवाल देतात. नवा पुरावा मिळाला तर तपास पुन्हा सुरू करता येतो. सूरह हुजुरातही बदगुमानीपासून रोखते. म्हणून प्रत्येक पत्ता दोनदा वाचून झाला, विचारायचे कोणी उरले नाही आणि हाती फक्त अंदाज राहिला, की थांबावे.

धाकटीने डब्यावर 'ए समरी' लिहिले. माळी सुटला. त्या मुलाला मात्र आम्ही वर्गासमोर निर्दोष म्हटलेले नाही. ते उद्या करायचे आहे.