हललेला फोटो

फोटो हलला म्हणजे बिघडला, असा संस्कार आमच्या मनावर लहानपणापासून झालेला. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात चंद्रपुरास भरलेल्या एका कलाकार्यशाळेचे, ‘फिल्मवरचे जुने फोटो आणा, आपण ते हलवू’, असे निमंत्रण आले तेव्हा आम्हांला प्रथम हसूच आले. तरीही पत्र्याची पेटी उघडून वडिलांच्या निगेटिव्हांचे पाकीट आम्ही काखोटीस मारले आणि विशीतल्या मुलामुलींच्या घोळक्यात जाऊन बसलो.

आमचे वडील 1974 साली गडचिरोलीकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. तोपर्यंत तो सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडे. वडिलांजवळ आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता. एका रोलावर बारा फोटो निघत आणि रोल धुण्यासाठी नागपुरास धाडावा लागे. बारांतला एकही वाया जाऊ नये, म्हणून ते आम्हांला श्वाससुद्धा रोखून धरायला लावीत. असा हा काटकसरी गृहस्थ. पण चैत्रातल्या एका सकाळी मोहाच्या झाडाखाली त्यांनी आईचे एकापाठोपाठ तीन फोटो घेतले. पैकी दोन हलले आणि तिसरा तेवढा साधला.

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. साधलेला फोटो मोठा करून, काठ छाटून, चौकटीत बसला व त्याला चंदनाचा हार चढला. आम्ही तेव्हा लहान. पुढे खरी आठवण विरत गेली आणि तो फोटोच आई होऊन बसला. ताठ मान, मिटलेले ओठ, काहीशी करडी नजर. आमची नातवंडे तर तिला ‘रागावलेली पणजी’ म्हणतात, आणि त्यांना खोटे ठरवावे असा पुरावा आमच्यापाशीही नव्हता.

कार्यशाळेतल्या शिक्षिकाबाईंनी आरंभ केला तो दादासाहेब फाळक्यांपासून. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली लोकांपुढे आला, हे वाचकांस ठाऊक असेलच; परंतु त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि त्या रोपाची छायाचित्रे ठरावीक अंतराने महिनाभर टिपली. ती झरझर दाखवताच बीज अंकुरून वर चढताना दिसले. या इवल्याशा चित्रपटाच्या बळावर त्यांनी भांडवल उभे केले. पडद्यावर हलत काहीच नसते. स्थिर चित्रे एकामागून एक येतात आणि मधली फट आपली दृष्टीच भरून काढते. ही गोष्ट आम्ही पूर्वी वाचली होती. पण आपल्या घरालाही ती लागू पडेल, हे कधी मनात आले नव्हते.

आमच्या तीन निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर मांडल्या गेल्या आणि त्यांच्या प्रती संगणकात उतरल्या. मग खरे काम सुरू झाले. वडिलांच्या हातात कॅमेरा प्रत्येक वेळी थोडा सरकलेला. त्यामुळे नुसती चित्रे पालटली तर आईऐवजी सारे रानच उड्या मारू लागे. काहीतरी अचल हवे होते. आम्ही मोहाच्या बुंध्यावरची एक गाठ निवडली आणि तिन्ही चित्रांत ती गाठ एकावर एक आणून बसवली. मग पहिले, दुसरे, तिसरे आणि उलटे पुन्हा पहिल्याकडे, असा फेरा लावला.

आई हसत होती!

पहिल्या चित्रात तिचे तोंड बाजूला वळलेले, खांदे हसण्याने उचललेले. दुसऱ्यात कॅमेऱ्याचे भान येऊन हात पदराकडे निघालेला. तिसऱ्यात ती फोटोसाठी गंभीर झालेली. जिला आम्ही राग समजत आलो, ते दाबलेले हसू होते. आणि ती हसत होती ती डावीकडे बसलेल्या एका गोंड बाईकडे पाहून. दोघींच्या मधोमध मोहफुलांची टोपली. ही बाई तिन्ही चित्रांत आहे. मोठ्या फोटोचे काठ छाटताना ती छाटली गेली होती.

शेजारचा एक मुलगा मदतीस धावला. मधली नसलेली चित्रे आता संगणक स्वतःच रचून देतो, मग आजी अगदी सिनेमासारख्या हसतील, असे तो म्हणाला. मोह खचित झाला. पण क्लिक थ्रीचा रोल हाताने फिरवावा लागे. दोन फोटोंच्या मध्ये बरेच क्षण निसटलेले असणार. त्या क्षणांत आई काय बोलली, कशी वळली, हे यंत्राला ठाऊक नाही, तसे आम्हांलाही नाही. एका रचलेल्या आईबरोबर आम्ही बरीच वर्षे काढली होती. दुसरी नको वाटली. ‘राहू दे, बाळ. हिसके बसले तरी चालतील,’ असे आम्ही म्हणालो.

घरी आल्यावर आम्ही जुनी चौकट उतरवली आणि तिन्ही फोटो, काठ न छाटता, एका ओळीत लावले. धाकटी नात त्यांच्यासमोरून डोके इकडून तिकडे हलवीत राहिली आणि म्हणाली, ‘पणजी हसते!’ मग टोपलीपलीकडे बोट दाखवून तिने विचारले, ‘आणि आजोबा, ही कोण?’

आई तिला ‘बाई’ म्हणे, एवढेच आम्ही सांगू शकलो.