आजीची गोधडी, नातवाचं चिलखत

इथल्या आपल्या मराठी घरांतून मुलं तबला शिकतात, क्रिकेट खेळतात, फारच झालं तर गिटार वाजवतात. आमचे चिरंजीव पत्रा ठोकतात. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये ठाक-ठाक सुरू झाली की शेजारच्या बाई कुंपणावरून विचारतात, "तुमचा नाइट उठला वाटतं?" युनिव्हर्सिटीत असताना तो मध्ययुगीन लढाईचा सराव करणाऱ्या एका गटात शिरला, आणि तेव्हापासून आमची गाडी बाहेर उन्हात नि गॅरेजमध्ये पंधराव्या शतकातला युरोप, अशी व्यवस्था आहे.

ब्रिस्बेनकर मंडळींना कबूल्चरचा ॲबी मेडिव्हल फेस्टिव्हल ठाऊक असेलच. जुलैच्या थंडीत तिथे तंबू पडतात, घोड्यांवरून भाले घेऊन स्वार एकमेकांवर धावून जातात. त्यातली बरीचशी चिलखतं लोकांनी घरीच बनवलेली असतात, हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

पत्रा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा. झाडाच्या ओंडक्यात वाटीसारखा खड्डा कोरायचा, त्यावर पत्रा धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोड्याने ठोकत ठोकत खोलगट करायचा. मग बारीक ठोके देऊन पोचे काढायचे. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाला हा आवाज परका वाटू नये. छातीचा भाग त्यामानाने सोपा. खरी परीक्षा गुडघ्याची आणि कोपराची. तिथे पट्ट्या एकीवर एक चढवून रिव्हेटने अशा जोडतात की कोळंबीच्या पाठीसारख्या त्या वाकल्या पाहिजेत, पण मध्ये फट दिसता कामा नये. एका कोपरासाठी त्याने चार वेळा पत्रा फुकट घालवला.

ऑस्ट्रेलियात चिलखत म्हटलं की सगळ्यांना नेड केली आठवतो. नांगराच्या लोखंडी पत्र्यांचं त्याचं चिलखत मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे. वजन सुमारे ४४ किलो, आणि पाय मात्र उघडे! १८८० च्या जूनमध्ये ग्लेनरोवनला पोलिसांनी त्याला पायांवर गोळ्या घालूनच खाली पाडलं. युरोपातल्या सरदाराचं डोक्यापासून पायापर्यंतचं चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं असे, आणि ते सगळ्या अंगावर वाटलेलं असल्यामुळे घालून पळताही येई. चिरंजीवांचं हे आवडतं व्याख्यान आहे. आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांनी तयारीने यावं.

मला स्वतःला पत्र्यापेक्षा आतल्या कपड्याची काळजी. पत्रा तलवारीची धार अडवतो, पण दणका थेट हाडापर्यंत जातो. तो अडवायला आत जाड, टाचलेला अंगरखा लागतो. सुरुवातीला हा कुणाचं तरी जुनं स्पंजचं जाकीट घालून लढायचा आणि रविवारी रात्री खांद्यावर वांग्याच्या रंगाचे डाग घेऊन यायचा. आईने हे बघत बसायचं आणि शेकायला पिशवी द्यायची!

त्याच सुमारास सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या. मामंजींना जाऊन सहा महिने झाले होते. पूर्वी त्या आल्या की घर ढवळून काढायच्या. या खेपेला खिडकीशी खुर्ची घेऊन नुसत्या बसायच्या. विचारलं तेवढ्याचं उत्तर. नातवाचं मराठी "आजी, चहा पाहिजे का?" इथवर, त्यामुळे त्या दोघांचंही बोलणं तिथेच संपायचं.

एके दिवशी त्याने कापडाचे थर जेवणाच्या टेबलावर पसरले आणि आजीला म्हणाला, "आजी, हे धरशील?" आईंनी चष्मा लावला, थर बोटांत चाचपले. "अरे, ही तर गोधडी! पण गोधडीला बाह्या कशाला?"

त्याच्या मशीनच्या शिवणीला त्यांनी नाक मुरडलं. थर सरकतात म्हणाल्या, आणि सुई मागितली. मग रोज दुपारी दोघं समोरासमोर बसून धावदोरा घालत. त्याच्या नमुन्याचं मूळ फ्रान्समधलं: १३६४ साली लढाईत मारल्या गेलेल्या शार्ल द ब्ल्वा या सरदाराचा म्हणून ओळखला जाणारा टाचलेला डगला लियोंच्या वस्त्रसंग्रहालयात आहे. त्याच्या बाह्या छातीपर्यंत खोल बसवलेल्या, म्हणजे हात वर केला तरी अंगातलं कापड ओढलं जात नाही. हे मी मराठीत करून सांगितलं. आईंना त्यात नवल वाटलं नाही. "काखेत अडलं तर माणूस काम कसं करणार?" अशा अंगरख्याला इंग्रजीत ‘ॲकेटन’ म्हणत, तो शब्द अरबी ‘अल-कुत्न’वरून, म्हणजे कापूस, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

थर कमी पडतात असं ठरलं तेव्हा त्या उठल्या आणि आपल्या बॅगेतून घड्या केलेली दोन धोतरं घेऊन आल्या. "ही घाल मध्ये. मऊ झालीत." कुणाची ते सांगायची गरज नव्हती. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर ठेवून ते मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

गणपतीत एका स्नेह्यांनी विचारलं, "आपल्या मावळ्यांचं सोडून हे गोऱ्यांचं कशाला?" प्रश्न गैर नाही. १६५९ साली प्रतापगडाखाली महाराजांनी अंगरख्याआड चिलखत घातलं होतं, हे आपण मुलांना भरवताना सांगतो. पण चिलखताच्या आत काय होतं, हे मी उभ्या आयुष्यात विचारलं नव्हतं. ते मला विचारलं आमच्या चिरंजीवांनी, आणि आता जाळीचं चिलखत करायचं म्हणून कड्यांची पोती गॅरेजमध्ये आली आहेत.

अंगरखा आई परतायच्या आदल्या रात्री पुरा झाला. तो घालून त्याने पहिल्यांदा सराव केला तेव्हा मी गेले होते. दणके मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी अकरा मोजले. रात्री खांदा बघितला, नुसता लाल होता.

आता फोनवर आई आधी टाके विचारतात, मग तब्येत. गेल्या महिन्यात उजव्या काखेत उसवलं. तो स्वतःच शिवायला बसला होता, फोन स्पीकरवर ठेवून, आणि कराडहून सूचना येत होत्या, "दोरा एवढा लांब घेऊ नको रे बाळा, गुंता होतो."