मेजावरचे रणांगण

बुद्धिबळ हा खेळांचा राजा खरा. परंतु त्यातील एक गोष्ट मला नेहमी खटकते. तेथे दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांच्या ज्या चतुरंग सेनेवरून आपल्या पूर्वजांनी हा खेळ रचला, त्या सेनेच्या सेनापतीला रणांगणावर इतके कोठून दिसणार? टेकडीपलीकडे शत्रू आहे की नुसतीच धूळ, हेही त्याला ठाऊक नसते.

ही उणीव भरून काढणारा खेळ युरोपात प्रशिया या जर्मन राज्यात जन्मला. राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये आपला युद्धखेळ तेथील राजाला सादर केला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. या खेळात चौकटींऐवजी नकाशा असे आणि एकेक ठोकळा म्हणजे शेकडो शिपायांची तुकडी असे. चकमकीत दैवाचा वाटा किती, हे फासे ठरवीत. मध्ये एक पंच बसे. तुकड्यांना जेवढे दिसू शकेल तेवढेच तो खेळाडूला दाखवी. अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा, हे प्रशियाचे सैन्याधिकारी अशा रीतीने नकाशावर शिकले.

पुढे हा खेळ छावणीतून घरात आला. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे त्याच्या नियमांचे पुस्तक लिहिले. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळे उडवावयाचे आणि समोरचे शिपाई पाडावयाचे, अशी त्यातील मौज. परंतु वेल्स युद्धाचा भाट नव्हता. एवढ्याशा लढाईत इतका गोंधळ उडतो, तर खरे युद्ध केवढा अनर्थ असेल, हे चार डाव खेळल्यावर कोणालाही उमगेल, असे त्याचे म्हणणे होते. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले.

मलाही या खेळाचा छंद आहे. रविवारी दुपारी जेवणाच्या मेजावरून ताटे उचलली, की तेथे पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि निळ्या कागदाची नदी अवतरते. शिपाई बोटाच्या पेराएवढे. ते मी स्वतः रंगवितो. एकदा निशाण धरलेला एक शिपाई रंगविण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. त्याच्या भुवया, कोटाची बटणे, बुटांवरचा चिखल, सारे मी बारीक कुंचल्याने रेखाटले. तेव्हापासून त्याला तोफेच्या तोंडी धाडताना माझा हात अडखळतो. नुसता ठोकळा असता, तर मी खुशाल पुढे सरकविला असता!

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अद्भुतरम्य खेळ प्रसिद्ध केला, तोही अशाच युद्धखेळांतून निघाला. पण त्यात खेळाडू सेनापती नसतो. तो एखादा योद्धा किंवा जादूगार होतो आणि सोबत्यांसह भुयारांतून वाट काढतो. शंभर शिपाई पडले तरी ज्याला काही वाटत नाही, तोच खेळाडू आपला हा एकुलता एक योद्धा पडला, की गप्प होतो. उंचावरून पाहिले म्हणजे माणसे ठोकळ्यांसारखी दिसतात. जवळ गेले म्हणजे प्रत्येकाला चेहरा असतो. मोठेपणी तुमच्यापैकी कित्येकांच्या हाती पुष्कळांच्या सुखदुःखाचे निर्णय येतील. त्या वेळी हे दोन्ही अंतरांवरून पाहणे उपयोगी पडेल.

आमच्या शेजारची एक लहान मुलगी डाव पाहावयास येते. कोण जिंकले, याची ती फारशी पर्वा करीत नाही. डाव संपला, की आडवे पडलेले शिपाई ती एकेक करून उचलते, पुसते आणि पेटीत ठेवते. मग ती मला विचारते, "काका, सगळे परत आले ना?"

मी मोजून पाहतो आणि म्हणतो, "हो, सगळे आले."

हे उत्तर फक्त खेळातल्या सेनापतीलाच देता येते.