न सांधलेले

दुभंगलेला ओठ, फाटका ओठ, तुटका ओठ. आमच्या ओठासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत ती सगळी धातुसाधित विशेषणे आहेत, आणि व्याकरण शिकवणाऱ्याला त्यातली गोम चटकन कळावी. दुभंगणे, फाटणे, तुटणे या क्रिया घडायच्या तर आधी काहीतरी अखंड असावे लागते. धरणी दुभंगते, घर दुभंगते, मन दुभंगते. आधी एक होते, नंतर दोन झाले. आणि एकाचे दोन झाले म्हटले की ते कोणी केले, हा प्रश्न पाठोपाठ येतो. गर्भातल्या ओठाबाबत हा शोध आईपाशी येऊन थांबतो. तिथे दुसरे कोणी नसतेच.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गर्भाचा चेहरा वेगवेगळ्या भागांतून वाढत येतो आणि ते भाग मध्ये येऊन जुळतात. वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कधी हे जुळणे अपुरे राहते. म्हणजे आमचा ओठ फाटला नाही. तो सांधलाच गेला नाही. जे कधी एक नव्हतेच ते कोणी तोडणार कसे?

आमचा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जून १९८० मधला. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण झाले. खग्रासाचा पट्टा कर्नाटकातून, आंध्रातून गेला. आमच्याकडे ते खंडग्रासच होते. पण तेवढे पुरले. त्या दुपारी आईने विळीवर वांगी चिरली, असे आजीचे म्हणणे. आपण विळीला हातही लावला नाही, असे आईचे. हा खटला आजी असेपर्यंत चालला. आजी दुष्ट होती असे मुळीच नाही. शस्त्रक्रियेनंतर रात्र रात्र आम्हाला मांडीवर घेऊन तीच बसली होती. तिच्या भाषेत झालेल्या गोष्टीला कर्ता हवा होता, एवढेच. एम.ए.च्या वर्षी वाचनात आठवड्यांचा हिशेब आला आणि आम्ही तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आईला मांडून दाखवला. ग्रहणाच्या दिवशी तिला पाच महिने उलटून गेले होते. ओठाचे जे व्हायचे ते त्याआधी चारेक महिने, १९७९ च्या ऑक्टोबरच्या सुमारास होऊन गेले होते. त्या आठवड्यांत कित्येकींना आपल्याला दिवस गेले आहेत याची जेमतेम चाहूल लागलेली असते. आईने तो कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, ‘हे तुझ्या आजीला सांगायला हवं होतं.’ आजी जाऊन तोवर तीन वर्षे झाली होती.

ओठाबद्दल इतके लिहिले, पण खरा प्रश्न टाळूचा. आमचा ओठ वर्षाचे असताना शिवला गेला. टाळू सहाव्या वर्षी. मधली पाच वर्षे वाया जाण्याचे कारण एवढेच की, मूल आता दिसायला बरे झाले, या समाधानात पहिल्या रुग्णालयाने आणखी काही करायचे उरले आहे हे आईवडिलांना सांगितलेच नाही. आज टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. मुलाला बोलणे फुटायच्या वेळी टाळू जागेवर असावी, हा त्यातला विचार.

भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही फळ्यावर वर्णमालेचा तक्ता काढतो, तेव्हा आमचे बालपणच तिथे मांडलेले असते. मृदू टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, म्हणून तोंडात हवेचा दाब साठतो आणि क, ट, त, प हे स्पर्श वर्ण उमटतात. वाट बंदच झाली नाही तर दाब नाकावाटे निसटतो. पण प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या वर्णाला, म्हणजे ङ, ञ, ण, न, म यांना, ती वाट उघडीच लागते. तक्त्यातला हा शेवटचा उभा रकाना तेवढा आमचा होता. बाकीचे चार रकाने त्याच्याकडे ओढले जात. ‘बाबा’ म्हणावे तर ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येई. वडील शेजारी बसलेले असत आणि मामाला निरोप जाई. (जाता जाता एक गंमत. शुद्धलेखनाचे आणि शुद्ध बोलण्याचे आपल्याकडचे पोलीस ज्या ‘न’ आणि ‘ण’वर गावाकडच्या मुलांना पकडतात, तिथे आम्ही निर्दोष सुटत असू. आमचे पाणी पाणीच होते. कप तेवढा सापडत नसे.)

टाळू मिटल्यावर वाणी आपोआप सुधारते, हाही गैरसमजच. पाच वर्षांत जिभेने आणि कंठाने काढलेल्या आडवाटा मोडाव्या लागतात, आणि ते काम वाचाउपचार तज्ज्ञाचे. आमची त्यांची गाठ पडली वयाच्या तेविसाव्या वर्षी, पुण्यात. तोवर ‘गेंगाणा’ हे विशेषण आम्हाला उपनावासारखे चिकटले होते. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर नाकातून बोलणारे पात्र आले की ते हसवायला आले आहे, हे प्रेक्षकाला निराळे सांगावे लागत नाही. नोकरीच्या एका मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी विचारले, मराठीच्या प्राध्यापकाचा आवाज असा कसा चालेल? प्रश्न मराठीचा नव्हता, श्रवणाचा होता. गेली अठरा वर्षे विद्यार्थी आमचा आवाज ऐकत आहेत. पहिले दोन आठवडे जड जातात, मग कानांना सवय होते.

२००९ मध्ये ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला ऑस्कर मिळाले आणि मिर्झापूरकडच्या एका मुलीमुळे अनेकांना या शस्त्रक्रियेची माहिती झाली. ते चांगलेच झाले. परंतु आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा अशी छायाचित्रांची जी जोडी सर्वत्र दिसते, तिच्यात टाळू दिसत नाही आणि आवाज तर नाहीच. छायाचित्रापुरते काम झाले की देणगीदाराचे आणि नातेवाइकांचे समाधान होते. मूल मात्र अर्ध्या वाटेवर उभे असते.

म्हणून महिन्यातून दोनदा आम्ही तालुक्याच्या ठिकाणी जातो. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत ओठ आणि टाळू आहेत, त्यामुळे मुले सापडू लागली आहेत. आशाताई निरोप देतात. आमचे काम वैद्यकीय नाही. बाळाला ओढता येत नाही म्हणून उपाशी ठेवू नका, उभे धरून वाटी-चमच्याने किंवा घरातल्या बोंडल्याने आईचे दूध पाजा. कान तपासून घ्या, कारण कानात पाणी साठून ऐकू कमी येते. ओठ झाला तरी टाळूची तारीख चुकवू नका. एवढे सांगतो. धूम्रपान, अपस्मारावरची काही औषधे, गरोदरपणाआधीचा मधुमेह यांनी धोका वाढतो हे खरे. पण ते बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून सांगण्याचे नव्हे. तिथे ते पुन्हा विळीसारखेच ऐकू येते. बहुतेक मुलांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही, हे आम्ही सासूला, नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. आणि ‘फाटला’ म्हणत नाही. ‘जुळायचा राहिला’ म्हणतो. एक आजीबाई यावर म्हणाल्या, ‘म्हंजे शिवायचं न्हाई, जुळवायचं ऱ्हायलंय व्हय?’ आमच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा ते नेटके होते.

गेल्या वर्षी भेटलेल्या एका बाळाची टाळू दिवाळीआधी झाली. त्याची आई अधूनमधून फोनवर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवते. परवाच्या मुद्रणात तो ‘बाबा’ म्हणतो आहे. पहिला ‘बा’ स्वच्छ, दुसरा अजून थोडा नाकातून. जिल्ह्याच्या रुग्णालयात वाचाउपचार तज्ज्ञाची पुढची वेळ सात आठवड्यांनंतरची मिळाली आहे. ती अलीकडे आणता येते का, हे पाहायला आम्ही सोमवारी जाणार आहोत.