ओचा आणि चोरखिसा

“काकू, खिसा हवाच. पण दिसता कामा नये,” खणाचं कापड पुढ्यात ठेवत ती म्हणाली. स्कर्ट शिवायचा होता. टेप उचलण्याआधी मी विचारलं, “ठेवणार काय त्यात?”

हा प्रश्न मी एका फजितीतून शिकले. असाच एक स्कर्ट शिवला होता. खिसा बेमालूम बसला, कौतुकही झालं. आठ दिवसांत मुलगी परत दारात. मोबाइल ठेवला की ती बाजू खाली ओढली जायची, शिवण ‘आ’ वासायची आणि आतलं पांढरं पॉपलीन डोकावायचं. चोरखिशानेच चोरी कबूल केली होती! टीप कुठेच चुकली नव्हती. ओझं कोणी पेलायचं, एवढंच मी ठरवलं नव्हतं.

आता बाजूची शिवण घालण्याआधीच खिसा जोडते. पिशव्या पातळ, घट्ट विणीच्या सुती कापडाच्या. खणाच्याच केल्या तर मांडीवर फुगवटा येतो. तोंडाशी मात्र दोन इंच पट्टी खणाची, म्हणजे खिसा उघडला तरी आत खणच दिसतो. तोंड साधारण साडेसहा इंच. पण हात आत जातो मोकळा आणि बाहेर येतो काहीतरी धरून, म्हणून माप भरल्या मुठीचं घेते. पुढच्या कडेला उभ्या धाग्याची अरुंद पट्टी लावते, म्हणजे तोंड ताणत नाही.

खरी गंमत मायेची, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडाची. बाजूच्या शिवणीला पाऊण इंच माया असेल, तर खिसा जोडताना अर्धा इंचच धरते. त्या पाव इंचाच्या फरकाने खिशाची जोड आत वळते आणि बाहेरून एकच सलग शिवण दिसते. तोंडाच्या दोन्ही टोकांना दुहेरी टीप. मागच्या मायेला छोटी खाच दिली की पिशवी पुढे झुकते. खणाचे धागे लगेच सुटतात, म्हणून तिथे कातरी जपून. शेवटी पिशवीची वरची कड कमरपट्टीत अडकवते. मग वजन शिवणीला लटकत नाही, कमरेवर येतं.

हे करताना आजीचं नऊवारी आठवतं. शेतातून येताना तिच्या ओच्यात, म्हणजे पुढे खोचलेल्या लुगड्याच्या झोळीत, भुईमुगाच्या शेंगा असत, कनवटीला नाणी. सगळा भार कमरेवर, हात मोकळे. युरोपातही अठराव्या शतकात बायकांचे खिसे झग्याला शिवलेले नसत. नाडीने कमरेला बांधून आत सोडत आणि झग्याच्या फटीतून हात घालत. आपल्याकडे नऊवारी गेलं, ओचा गेला आणि ओझं पर्सच्या पट्ट्याने खांद्यावर चढलं. मी नवीन काही करत नाही. ते खांद्यावरून उतरवून पुन्हा कमरेला देते.

माझ्या प्रश्नावर खण घेऊन आलेली ती मुलगी जरा थांबली होती. मग म्हणाली, “मोबाइल, गाडीची किल्ली... आणि कधीकधी नुसता हात.”

मी वहीत माप लिहिलं. नुसता हात ठेवायला ओचा आजीच्या कधी उपयोगी पडला नसेल. तिचा हात रिकामा असायचा कधी?