पेढीपुरते इंग्रजी

किती पोती, कोणता भाव, माल कोणत्या तारखेला द्यायचा आणि पैसे केव्हा यायचे, या चार गोष्टी ठरल्याखेरीज सौदा झाला असे व्यापारी घरात कोणी म्हणत नाही. तेच घर इंग्रजीचा विषय निघाला की विलक्षण उदार होते. ‘यंदा इंग्रजी सुधारायचे’ एवढा संकल्प पुरेसा वाटतो. किती, कशासाठी, कोणत्या तिथीला, याचा उल्लेखही नसतो. आणि मग वर्षअखेरीस नफा झाला की तोटा, हेसुद्धा सांगता येत नाही.

सांगलीच्या एका हळदपेढीवरील काकींनी हा सौदा नीट ठरवून केला, तोही वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. पेढी सासऱ्यांच्या वेळची. हरिपूरच्या पेवांत हळद साठवण्याचा काळ त्यांनी पाहिलेला. हळकुंड हातात मोडून त्याचा ओलावा आणि आतला रंग सांगण्यात पेठेतील जुने दलालही त्यांना मानत. शिक्षण मात्र गावच्या मराठी शाळेत दहावीपर्यंतचे. पाट्या वाचता येत, सही इंग्रजीत करता येई. देशातला व्यापार मराठी, हिंदी आणि गुजरातीवर सुखेनैव चालत होता. पतीने अखेरच्या काही वर्षांत परदेशी माल पाठवण्यास आरंभ केला आणि त्यांच्या निधनानंतर ती पत्रे काकींच्या टेबलावर येऊ लागली.

आखातातील एका खरेदीदाराचे असेच एक पत्र आले. त्यात वाक्य होते, ‘वुई कन्फर्म द ऑर्डर सब्जेक्ट टु सॅम्पल अप्रूव्हल.’ पुतण्याने ते झरझर वाचले आणि ऑर्डर पक्की झाल्याचे सांगितले. पुढच्या दोन दिवसांच्या सौद्यांत पेढीने माल उचलला. आठवड्याने खरेदीदाराचे उत्तर आले, की नमुन्याचा रंग फिका असल्याने माल नको. हळद गोदामात पडून राहिली, भाव उतरले आणि आषाढात ती तोट्याने काढावी लागली. काकींनी ते पत्र पुन्हा मागवून घेतले. ‘सब्जेक्ट’ हा शब्द त्यांना शाळेपासून ठाऊक होता. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ ‘विषय’. पत्रात नमुन्याचा विषय निघाला आहे, एवढाच बोध त्यांना झाला असता. ‘नमुना पसंत पडला तरच’ हा त्यातला अर्थ कळायला वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा गेला.

पुतण्याचे इंग्रजी वाईट नव्हते. इंग्रजी माध्यमात शिकलेला तो मुलगा पाहुण्यांशी तासन्तास बोलू शके. पण पत्रातली अट कोठे लपलेली असते, हे त्याला कोणत्याही इयत्तेत शिकवले गेले नव्हते. बोलता येते म्हणजे वाचता येते, हा समज आज घरोघरी आहे आणि त्याची किंमत बहुधा पेढीला मोजावी लागते.

काकींनी प्रथम चारचौघे करतात तेच केले. तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गात त्यांनी नाव घातले. तेथे स्वतःची ओळख करून देणे, आवडता छंद, पावसाळ्यातील एक दिवस, असे पाठ चालत. पाचव्या आठवड्यात काकींनी वर्ग सोडला. वर्गाचा दोष म्हणावा असे काही नव्हते. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना तो उपयोगी होता. काकींना मुलाखत द्यायची नव्हती आणि छंद विचारणारे पत्र पेढीवर कधी आले नव्हते.

लाभपंचमीला पेढी उघडली. जैन घरांत हीच तिथी ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते. नव्या वह्यांबरोबर काकींनी एक वही स्वतःसाठी मांडली आणि पहिल्या पानावर लिहिले: ‘परदेशातून आलेले प्रत्येक पत्र कोणाला न विचारता वाचणे. सलग सात पत्रे बिनचूक. मुदत: गुढीपाडवा.’ बोलणे, लिहिणे, चित्रपट समजणे यांतले काहीच त्यात नव्हते. दिवाणजींनी ते पान पाहिले आणि ‘एवढंच?’ म्हणून विचारले.

मोजके ध्येय म्हणजे कोते ध्येय, असे अनेकांना वाटते. १८९३ साली तेवीस वर्षांचे मोहनदास गांधी एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी प्रिटोरियात होते. तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, मोठ्या वयातही भाषा शिकता येते असे सांगितले आणि शिकवण्याची तयारी दाखवली. तिघे तयार झाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. गांधीजी त्यांच्या सोयीने त्यांच्याकडे जाऊन शिकवीत. कधी विद्यार्थी गिऱ्हाइकात गुंतलेला असे, तेव्हा थांबावे लागे. आत्मकथेत याची हकीकत आहे. तिघांपैकी कोणालाच इंग्रजीचा सखोल अभ्यास करायचा नव्हता. दोघे सुमारे आठ महिन्यांत हिशेब ठेवण्यापुरते आणि साधी व्यापारी पत्रे लिहिण्यापुरते शिकले. न्हाव्याची आकांक्षा गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरतीच होती. एका शिक्षकाकडे तीन विद्यार्थी आणि प्रत्येकाचे माप त्याच्या धंद्याने ठरवलेले. बॅरिस्टर शिक्षकाने ते माप वाढवून देण्याचा हट्ट धरला नाही, हे त्या हकीकतीतले सर्वांत शिकण्यासारखे आहे. आज आठ महिने एका कामावर टिकणारे विद्यार्थी थोडे, आणि विद्यार्थ्याच्या मापाने शिकवणारे शिक्षक त्याहून थोडे.

काकींनी आपले पाठ्यपुस्तक पेढीच्या फायलीतूनच काढले. मागील वर्षाची सारी पत्रे दिवाणजींकडून छापून घेतली आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. शब्द वाटले होते त्याहून फार थोडे निघाले. तीच विनंती, तीच तक्रार, तीच मुदत. नावे आणि आकडे तेवढे निराळे. भाषेच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने बंगाली विद्यार्थ्याला आधी वाचता येणे अधिक गरजेचे आहे, असा आग्रह धरला होता. पुढे १९५३ साली त्याने सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. काकींना वेस्टचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोणता माल रोज खपतो आणि कोणता वर्षातून एकदा, हे मात्र त्यांना ठाऊक होते.

फायलीने आणखी एक गोष्ट उघड केली. बिल ऑफ लेडिंग, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हे लांबलचक शब्द त्यांना येतच होते. पेठेतला हमालही ते बोलतो. अडत होते ते लहान शब्दांशी. अनलेस, अंटिल, एक्सेप्ट, ओन्ली, बाय. एका संध्याकाळी त्यांनी दोन वाक्यांचा अर्थ वहीत उतरवला. पहिले होते, ‘द प्राइस इज व्हॅलिड टिल फ्रायडे’. दुसरे, ‘सेंड द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे’. पुतण्या तपासायला बसला आणि हसला.

“काकी, दोन्हीकडे तुम्ही ‘शुक्रवारपर्यंत’च लिहिलंय.”

“मग चुकलं काय? मराठीत तसंच म्हणतात.”

तो गप्प झाला, कारण मराठीत तसेच म्हणतात. शुक्रवारपर्यंत भाव टिकेल, शुक्रवारपर्यंत कागद पाठवा. एका ‘पर्यंत’मध्ये शुक्रवार उजाडेतो रोज भाव तोच राहतो, दुसऱ्यात कागद मंगळवारी गेले तरी काम पुरे होते. मराठी माणूस हा भेद संदर्भाने जाणतो, इंग्रजी त्यासाठी दोन शब्द ठेवते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना अशा जोड्या घोटून घ्याव्या लागत. आता ते घोटणे जुनाट ठरले आहे आणि जुनाट ठरवून काय साधले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वहीची मांडणी रोजकीर्दीसारखी होती. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की दिवेलागणीनंतरचा पाऊण तास तिच्यासाठी राखलेला. डावीकडे पत्रातले वाक्य, उजवीकडे त्यावरून पेढीला काय करायचे ते मराठीत. शब्दशः भाषांतर काकी करीत नसत. ‘नमुना पाठवायचा, पसंतीचे पत्र येईपर्यंत माल घ्यायचा नाही’ असे त्या लिहीत. पुतण्याने पाहिल्यावर अर्थ जुळला तर पत्र जमा, कोणाला विचारावे लागले तर नावे. महिन्याची बेरीज मांडली जाई. पाठ केलेल्या शब्दांची संख्या वहीत कोठेच नव्हती, आणि हे शहाणपणाचे होते. शंभर शब्द पाठ असलेला माणूस आणि एक पत्र उलगडलेला माणूस यांत पेढीला दुसरा हवा असतो.

पाडव्याची मुदत हुकली. फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक वाढली, सौद्यांच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत हिशेब चालले आणि वहीची पाने सलग सोळा दिवस कोरी राहिली. सतराव्या दिवशी ती उघडली तेव्हा अर्धे शब्द परके वाटले. येथे बहुतेक संकल्प बुडतात. काकींनी कोऱ्या पानांवर तिरकी रेघ मारली, नवी मुदत अक्षय्य तृतीया लिहिली, तीही हुकल्यावर चातुर्मासाचा आरंभ लिहिला. मुदत दोनदा हलली, सात पत्रांचे माप एकदाही हलले नाही. मुदत लांबली तर देणे उशिरा फिटते. माप कमी केले तर ते फिटल्याचे सोंग होते. सातवे पत्र आषाढात जमा झाले.

त्यानंतर महिनाभराने एका नव्या खरेदीदाराचा करार आला. भाव चांगला होता, मुदत तीस दिवसांची. काकींनी तो दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवले. तीस दिवस बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून मोजायचे नव्हते, माल खरेदीदाराच्या गोदामात पोहोचल्यापासून मोजायचे होते. बंदरावर माल अडकला तर पैसेही तितकेच दिवस अडकणार. पुतण्याने आधी तो करार वाचला होता. तो काही बोलला नाही. त्या रात्री वही तपासायला बसण्याऐवजी त्याने काकींकडूनच ती ओळ समजावून घेतली. खरेदीदाराने फारशी खळखळ न करता अट बदलली.

पत्रे लिहिण्याचे दुसरे ध्येय पुढच्या लाभपंचमीला मांडले गेले आणि सहज पार पडले. समोरच्याच्या पत्रात आलेले नाही असे एकही वाक्य आपल्या पत्रात घालायचे नाही, एवढाच नियम. त्यामुळे खरेदीदारांना स्वतःचीच वाक्ये परत मिळत, पण त्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही. तिसरे ध्येय, परदेशी फोनवर बोलणे, काकींनी चार महिन्यांत खोडून टाकले. तारेवरचे उच्चार त्यांना लागत नव्हते आणि फोनवर कबूल केलेला शब्द कोठे नोंदला जात नाही, हेही त्यांना रुचले नाही. त्याऐवजी त्यांनी एकच वाक्य घोटून घोटून बिनचूक केले: ‘प्लीज सेंड इट इन रायटिंग.’ ते त्या इतक्या ठामपणे म्हणतात, की पलीकडचा माणूस काकींना उत्तम इंग्रजी येते असे धरून चालतो.

कन्या लेस्टरला असते. तिचा पाच वर्षांचा मुलगा रविवारी व्हिडिओवर येतो आणि मराठी समजत असूनही उत्तरे इंग्रजीतच देतो. मागील हिवाळ्यात त्याने आजीला एक खेळ समजावला. त्यात ‘लेट्स प्रिटेंड’ होते, ‘माय टर्न’ होते, ‘गेस व्हॉट’ होते. काकींच्या साऱ्या फायलीत यांतला एकही शब्द नव्हता. कन्साइनमेंट आणि डिस्क्रेपन्सी जाणणारी आजी पडद्यासमोर नुसती हसत राहिली, आणि मुलगा कंटाळून निघून गेला.

यंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘रविवारचा खेळ, अर्धा तास, मुलगा उठून जाता कामा नये’ असे लिहिलेले आहे. मुदतीची जागा कोरी आहे. डाव्या बाजूला सध्या अकरा वाक्ये आहेत, आणि ती तपासण्याचे काम पुतण्याच्या मुलीकडे आहे. ती दुसरीत शिकते.